बेटाच्या पोटातला बांबू

बांबूच्या बेटात शिरायचं तर आधी अंग आडवं करायचं. कडेचे कोवळे बांबू रेटायचे, खांदा घुसवायचा आणि आतला तीन वर्षांवरचा बांबू जमिनीलगत, गाठीच्या अगदी वर तोडायचा, म्हणजे खुंटात पाणी साचत नाही. मग तो ओढून बाहेर काढायचा. आत्याची चाळीस वर्षं यात गेली. सगळी वस्ती तिला आत्याच म्हणे. कडेचे चार तोडून होतात तेवढ्या वेळात आतला एक निघतो. पण नवे कोंब फुटतात ते कडेच्या कोवळ्यांच्या बुडाशी. म्हणून तिच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या कडेच्याला हात लावला नाही.

दोन वर्षांपूर्वी रानाचा वरचा अर्धा भाग सरकारने एका कंपनीला दिला. कंपनीच्या टोळीने कडेकडेने सपासप कापून नेलं. वरची बेटं वाळली.

आणि आता वनखात्याचा साहेब कागद घेऊन आला: ‘स्थानिकांच्या अशास्त्रीय तोडीमुळे बेटे वाळली. सबब उरलेला भागही कंपनीकडे द्यावा.’ खाली वस्तीची सही हवी होती. सही करणार आत्याचा भाचा, वस्तीच्या समितीचा सचिव. त्याने पेन काढलंसुद्धा.

“आत्या, नाही म्हटलं तरी ते घेणारच. निदान कंपनीत कामाला तरी ठेवतील.”

“पेन खिशात ठेव. साहेब, बूट घट्ट बांधा. वर जायचंय.”

वर सगळे खुंट कडेचे, गुडघाभर उंच. पोटातले जुने बांबू उभेच्या उभे वाळलेले.

“आत कोणी शिरलंय असं दिसतं? आमच्यात असं कोणी तोडलं तर बायको जेवायला वाढणार नाही.”

“बाई, तोड ती तोड. कोणी कशी केली ते लिहायला फॉर्मात जागाच नाही.”

आत्याचं डोकं सणकलं. “आमच्या माथी खापर फोडायला बरी जागा सापडली!” तिने कोयता पुढे केला. “चला, खाली आमच्या बेटातून एक काढून दाखवा. शास्त्र तुमच्याकडे आहे ना?”

साहेब शिरला. बाही फाटली, चष्मा अडकला, कोयता फिरवायला जागा मिळेना. पाव तासाने रिकाम्या हाताने बाहेर आला. भाचा हसला नाही. त्याने तोच कागद घेऊन मजकुरावर काट मारली, खाली लिहिलं, ‘वरची बेटे कंपनीने तोडली. खुंट येऊन पाहावेत,’ आणि सही ठोकली.

“माणसं पाठवतो,” साहेब म्हणाला.

महिना गेला. कोणी फिरकलं नाही. खुंटांना वाळवी लागली. तेव्हा आत्याने आणि भाच्याने वीस खुंट गड्ड्यासकट खणून काढले. एकेकाला अर्धा दिवस लागला. ते गाडीत घालून त्यांनी मोठ्या साहेबाच्या कचेरीत नेऊन ओतले.

“अहो, फरशी!” शिपाई ओरडला.

“फरशी मी पुसते. साहेबांना बाहेर बोलाव. खुंटांची उंची मोजल्याशिवाय मी हलत नाही.”