दोनशे चौऱ्याण्णव मोळ्या

माझं अक्षर वाकडं आहे, काना-मात्राही चुकेल, तेवढं सांभाळून घ्यावं. चौथीत शाळा सुटली. पुढं खिचडी शिजवायला त्याच शाळेत परत आले, म्हणून बाई भेटल्या.

बाई पेपरांशी भांडायच्या. माझ्या चुलीच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून गठ्ठा तपासायला बसायच्या आणि कागदालाच म्हणायच्या, "अरे, कालच फळ्यावर लिहून दिलं होतं की रे." चौघांचं एकच चुकीचं उत्तर निघालं की कोण कुणाशेजारी बसलं होतं ते आठवायच्या. कुणाचं अवघड गणित बरोबर आलं तर पेपर मला दाखवायच्या. मला सगळं कळायचं नाही, पण बाईंचा चेहरा कळायचा.

उपाशीपोटी मात्र कधी तपासलं नाही. "भूक लागली की माझा हात आखडतो, मावशी. लेकरांचं नुकसान कावून करायचं?" असं म्हणून आधी ताटली पुढं करायच्या.

पाचवीला पास-नापास होतं. मनीषा आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलती, होळीनंतर आली. नापास झाली तर बाप तिला शाळेतून काढणार होता. तिला तीनच मार्क कमी पडत होते आणि शेवटचं गणित राहिलं होतं. एका बैलगाडीत पन्नास मोळ्या, तर सहा गाड्यांत किती? तिनं लिहिलं होतं दोनशे चौऱ्याण्णव.

बाईंनी कपाळाला हात लावला. "सरळ तीनशे की गं!"

मी कुणापुढं बोलत नाही. पण मीही ऊस तोडलाय. पदर सावरत म्हणाले, "बाई, प्रत्येक गाडीवर एक मोळी वाढ्याची असती. उसाच्या शेंड्याची, बैलांसाठी. ती कारखान्यात मोजत न्हाईत."

बाईंचं पेन थांबलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मनीषाला बोलावून विचारलं, सहा मोळ्या कुठं गेल्या?

"बैलांनी खाल्ल्या, बाई."

बाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मार्क पूर्ण दिले. हेडमास्तरांनी विचारलं तर म्हणाल्या, गणित बरोबर आहे, प्रश्नच माझा अर्धा होता. मनीषा आता आठवीत आहे. आईबाप तोडीला गेले की तिच्या सख्ख्या मावशीकडं राहते.

तेव्हापासून प्रत्येक परीक्षेआधी बाई गणितं मला वाचून दाखवायच्या. मग त्यांची बदली चकलांब्याकडं झाली. शाळेनं नारळ-साडी दिली. मी मागं उभी राहून रडले.

परवा खिचडीला फोडणी देताना फोन आला. बाईच होत्या. "मावशी, ऐका. विहिरीवरची एक मोटार रोज दहा तास चालते..."

मी म्हणाले, "दहा तास लाइट कुठं असती, बाई? सहा करा."

तिकडून खोडल्याचा आवाज आला. "केले. आता पुढचं ऐका."