जुन्या लाईनीतल्या लाल खुणा

ती गोष्ट अजून माझ्या स्मरणातून गेलेली नाही. वाशीम जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ठाणेदार होतो आणि निवृत्तीला दीड वर्ष उरले होते. त्या प्रकरणात रक्त सांडले नाही, कोणाचे कुलूप तुटले नाही. बाजाराची एक गल्ली मात्र संपता संपता राहिली.

गावात तिला 'जुनी लाईन' म्हणत. कापड, भांडी, बांगड्या, शिंपी, चपला अशी दोन्ही अंगांनी खेटून उभी असलेली दुकाने. मालेगाव आणि मंगरूळपीरच्या बस पूर्वी लाईनीच्या तोंडाशी थांबत. उतरलेला माणूस त्या गल्लीतूनच गावात शिरे आणि शिरता शिरता काहीतरी विकत घेई. पुढे बसस्थानक बायपासला गेले. त्याच्यासमोर मोटारसायकली लावायला ऐसपैस जागा असलेली नवी दुकाने झाली. टाळेबंदीत लोकांना मोबाइलवरून कपडे मागवायची सवय लागली. मी त्या ठाण्यात रुजू झालो तोवर जुन्या लाईनीत भर लग्नसराईतही दुपारी अर्धी शटर खाली ओढलेली असत.

उन्हाळ्यातल्या एका गुरुवारी सकाळी साठीच्या एक बाई ठाण्यात आल्या. लाईनीत त्यांचे बांगड्यांचे दुकान होते. पती वारल्यापासून त्या एकट्याच ते चालवत. सगळे त्यांना काकू म्हणत. ठाणे अंमलदाराकडे न जाता त्या थेट माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

"साहेब, दुकानाचा जुना कागद हारपला. तुमचा दाखला पाहिजे म्हणते घेणारा. सोमवारी खरेदी हाय."

"कसली खरेदी?"

"माह्या दुकानाची. इकून राह्यली मी."

त्या भागाचे बीट आमच्या एका हवालदाराकडे होते. गावचाच माणूस. लोक त्याला जमादार म्हणत. तो दारातच उभा होता. "काकू, तुमी गेल्यावर नवरीनं बांगड्या भरायले कुठं जावं? बायपासले?"

"जाऊ दे ना. तिथं खोक्यात भेटते बांगड्या. हात कोण पाह्यते तिथं? फुटल्या तं घरी फुटतीन, दुकानदाराचं काय जाते?"

हसल्या त्या, पण पदराचे टोक बोटाला गुंडाळत होत्या. दुकान का विकता, असे मी विचारले.

"निशान पडलं ना साहेब. पाह्यलं नाई का तुमी? रस्ता रुंद होऊन राह्यला. माह्या खांबावर लाल बाण हाय, आठ फूट आत. मंग उरते काय? मांगची भिंत अन् मी."

"नगरपरिषदेत विचारलेत?"

त्यांनी जमादाराकडे पाहिले, मग जमिनीकडे. "कायले इचारू? माहा ओटाच तीन हात भायेर हाय. इचाराले गेली का पह्यले तोच काढतीन."

कोणाच्याही कागदपत्रांचा गहाळ दाखला देणे हे ठाण्यातले रोजचे काम आहे. अर्ज घ्यायचा, नोंद करायची, शिक्का मारायचा. त्या दिवशी शिक्का मारण्याआधी ठाणे अंमलदार सहज बोलून गेला की जुन्या लाईनीतल्या दुकानाचा असा दाखला या महिन्यात चौथ्यांदा जातो आहे. मी रजिस्टर मागवले. आधीच्या तिघांना फोन लावले. दोघांची खरेदीखते होऊन गेली होती, तिसऱ्याची बोलणी चालू होती. घेणारा एकच होता. काकूंच्या दुकानाचाही तोच. बायपासला प्लॉट पाडून विकणारा गावातलाच एक दलाल. खबर आमच्याच रजिस्टरमध्ये पडून होती, ती कोणी वाचलेली नव्हती.

मी नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना फोन केला. उत्तर एका वाक्यात मिळाले. त्या रस्त्याच्या रुंदीकरणाचा ठराव नाही, मोजणी नाही, खुणा आमच्या नाहीत.

काकूंना हे सांगितल्यावर त्या हरखतील असे मला वाटले होते. त्यांचा चेहरा अधिकच उतरला. "मंग आता कसं? इसारपावतीवर सही करून बसली मी. तो म्हणते, फिरली तं कोर्टात उभी करतो." पुण्यात कंपनीत असलेल्या मुलानेही विकून टाक म्हणून सांगितले होते. त्या दुकानाखेरीज त्यांच्यापाशी दुसरे काही नव्हते.

खुणा खोट्या आहेत एवढे कळून भागणार नव्हते. त्या दलालानेच काढवून घेतल्या हे दाखवता आले, तर फसवणुकीचा गुन्हा उभा राहत होता. हाताशी सोमवार सकाळपर्यंतचा वेळ होता. काकूंची फिर्याद मी त्याच दिवशी लिहून घेतली.

शुक्रवारी दोन पंच घेऊन आम्ही लाईनीत गेलो. प्रत्येक दुकानाच्या खांबावर लाल बाण आणि पुढे आकडा. कुठे सहा, कुठे आठ, कुठे दहा. मला वाटत होते की हे काम कोणाच्या नकळत झाले असेल. झाले होते भर दिवसा, पंधरा दिवसांपूर्वी, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. एक माणूस डबा आणि ब्रश घेऊन, दुसरा फीत धरून. दोघांच्या तोंडाला दुपट्टे बांधलेले. आमच्याकडे त्या दिवसांत उन्हापायी सगळेच तोंड बांधून हिंडतात.

"तुम्ही कोण, असं कोणीच विचारलं नाही?" मी एका भांडेवाल्याला म्हटले.

"साहेब, खरं सांगू का? मी तं आत जाऊन बसलो. माहं छप्पर नालीच्या पल्याड गेलेलं हाय. सरकारी माणसाच्या नजरेत कोण येते?"

थोड्याफार फरकाने प्रत्येकाचा जबाब हाच. एकाचा ओटा, एकाचे छप्पर, एकाची पायरी. सगळी लाईन आपापल्या दोन-तीन हातांवर बसून गप्प होती.

पंचनामा लिहीत असताना कोपऱ्यावरच्या पहिल्या दुकानाच्या जोत्यापाशी, अगदी खाली, मला बोटाने उमटवलेले पाच लाल ठिपके दिसले. बाणाशी त्यांचा संबंध लागेना. मी जमादाराला बोलावले. तो उकिडवा बसला, पाहिले आणि मान हलवत हसला.

"साहेब, हे तं उस्तादाच्या हाताखालच्या पोट्ट्यायचं काम. आपल्या गावात एक जुना पेंटर होता, वारला आता. नवं काम धरलं का पह्यल्या भिंतीले खाली पाच टिकल्या लावाचा. कामाले बरकत येते म्हणे. त्याचे तीन चेले. दोघं फ्लेक्सच्या धंद्यात गेले. एक राह्यला."

उरलेला तो पेंटर शनिवारी सकाळी ठाण्यात आला. पन्नाशीचा, नखांत रंग बसलेला. प्लास्टिकच्या फलकांनी त्याचा धंदा जवळजवळ बुडवला होता. मी त्याला बसायला सांगितले, चहा मागवला. खुणांबद्दल एक अक्षर काढले नाही. सवयीचा गुन्हेगार नसलेल्या माणसाला आधी त्याच्या कामाबद्दल बोलू द्यावे, हा माझा अनुभव आहे. जुन्या लाईनीतल्या कोणकोणत्या पाट्या तुझ्या हातच्या, असे विचारले. तो खुलला. कापडवाल्याची, शिंप्याची, भांडेवाल्याची अशी एकेक सांगत गेला. कोणत्या पाटीला सोनेरी सावली दिली, तेही सांगितले. काकूंची पाटी त्याने उस्तादाच्या देखरेखीखाली काढली होती. त्याची पहिली पाटी.

जमादाराला राहवले नाही. "ज्या दुकानाईवर पाट्या काढल्या, त्यायच्याच खांबावर फुल्या मारताना हात नाई कापला तुहा?"

पेंटरने कप खाली ठेवला. "फुल्या नाईत, बाण होते. अन् काहून कापन? पालिकेचं काम होतं. सरकारी काम घेतलं, कोणाच्या घरात चोरी केली काय?"

"पालिकेचं काम आहे, असं कोणी सांगितलं?"

त्याने दलालाचे नाव घेतले. ठेका त्याला मिळाला आहे, आकडे तो देईल, असे सांगून त्याने काम दिले होते. फीत धरणारा माणूसही त्याचाच. मी म्हणालो, तुला खरे काय ते माहीत होते, म्हणूनच तोंड बांधून गेलास.

"उन्हापायी बांधलं, साहेब." मग तो थेट माझ्या डोळ्यांत पाहत म्हणाला, "चोरीचं काम असतं तं मी टिकल्या लावल्या असत्या का? उस्तादाची आन हाय. लबाडीच्या कामाले आमी टिकली लावत नाई."

जे ठिपके मी गुन्हेगाराची चूक म्हणून कागदावर घेतले होते, ते त्याच्या सचोटीची साक्ष निघाले. माझ्या नोकरीत इतका साधा आणि इतका पक्का बचाव मी दुसरा ऐकला नाही.

तरीही पेंटरचा शब्द एका बाजूला आणि दलालाचा दुसऱ्या, एवढेच हाती होते. मी विचारले, आकडे तुझ्या लक्षात कसे राहिले?

"चिठ्ठी हाय ना. बिनाचिठ्ठीचं मी काही लिहीतच नाई. पाटीत चुकी निघाली का गिऱ्हाईक म्हणते, तूच चुकला. म्हणून मजकूर त्याच्याच हातानं लिहून घेतो."

तासाभरात आम्ही पंचांसह त्याच्या टपरीत होतो. भिंतीवरच्या खिळ्याला तार लोंबत होती आणि तारेत वर्षानुवर्षांच्या चिठ्ठ्या ओवलेल्या होत्या. वरून तिसरी आमची. दुकानांची नावे, पुढे आकडे, खाली 'बाण लाल रंगात' अशी सूचना. सगळे दलालाच्या हातचे. घाईत त्याने जो कागद फाडला होता, तो त्याच्याच प्लॉटच्या जाहिरातीचा निघाला. मागे नकाशा आणि त्याचा फोन नंबर छापलेला. जमादार म्हणाला, "साहेब, यानं तं पत्ता लिहून गुन्हा केला."

दलाल रविवारी दुपारी आला तो वकिलाला घेऊनच. शांत होता. लोक विकत होते, मी घेतले, यात गुन्हा कोणता, असे त्याचे म्हणणे. मी चिठ्ठी पंचनाम्यासह टेबलावर ठेवली. त्याने ती उलटी केली, नकाशा पाहिला आणि पाणी मागितले. वकिलाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तरी तो बोलला. सगळी दुकाने एकत्र करून तिथे मोठे संकुल बांधायचे होते. लाईनीचा धंदा बसला होता, पण जागा गावाच्या मधोमध होती.

मी त्याला एकच गोष्ट विचारली. एकजण जरी नगरपरिषदेत गेला असता तरी तुझा डाव फसला असता. इतका धोका कसा पत्करलास?

"कोणी जाणार नव्हतं, साहेब," तो म्हणाला. "त्या लाईनीत साऱ्यायचे ओटे भायेर हायेत. मी तिथंच लहानाचा मोठा झालो."

फिर्याद, चिठ्ठी आणि पेंटरचा जबाब यांवर गुन्हा पक्का झाला. इसारपावती रद्द करणे हे पोलिसांचे काम नाही, हे मी दोन्ही बाजूंना स्पष्ट सांगितले. दलालाच्या वकिलाला मात्र वाऱ्याची दिशा कळली होती. सोमवारी सकाळी करार सोडल्याचा लेख त्यानेच काकूंकडे पोहोचवला. अकरा वाजता, दुय्यम निबंधक कार्यालयात ज्या वेळी त्यांची सही व्हायची होती त्या वेळी, मी लाईनीतून चक्कर मारली. काकू दुकानात होत्या. शिरपूरकडची एक मुलगी समोर बसली होती आणि काकू तिचा हात दाबून माप घेत होत्या. मला पाहून त्या उठल्या नाहीत. "बसा साहेब. इचा हात झाला का बोलते."

मी बसलो नाही. पण ठाण्यात परतलो तेव्हा चार दिवसांनी पहिल्यांदा पोटभर जेवलो.

पुढे काय झाले तेही लिहिले पाहिजे. दोषारोपपत्र मी निवृत्तीपूर्वी दाखल केले. विकल्या गेलेल्या दोन दुकानांपैकी एक तडजोडीत परत मिळाले, दुसऱ्याचा दावा अजून चालू आहे. खुणा पेंटरने स्वतः पुसल्या. त्याचे पैसे घेतले नाहीत.

ज्याची मला कल्पना नव्हती, ते त्यानंतर घडले. पावसाळ्याआधी लाईनीतले दुकानदार एकत्र नगरपरिषदेत गेले आणि बाहेर आलेले ओटे, छपरे स्वतःच काढून घेतो, असे लेखी देऊन आले. पहिली पहार काकूंच्या ओट्यावर पडली. भांडेवाला म्हणाला, "काकू, इचार करा, तीन हात जाते." त्या म्हणाल्या, "तीन हातापायी सारं दुकान देऊन राह्यली होती मी. हाण तू."

गल्ली एवढी रुंद आहे, हे गावाला तेव्हा कळले. मोटारसायकली उभ्या राहू लागल्या, ऑटो आत येऊ लागले. सोयाबीन निघाल्यावरच्या खरेदीला बायपासवरून माणसे परत वळली. आजही सगळी शटर उघडी असतात असे नाही. पण मागच्या लग्नसराईत मी सहकुटुंब गेलो, तेव्हा काकूंच्या दुकानात आम्हाला पाऊण तास थांबावे लागले. थांबणे इतके सुखाचे वाटल्याचे मला आठवत नाही.

कायद्यात जरासा चुकलेला सामान्य माणूस हे ठगाचे सर्वांत सोपे सावज असते. तो नगरपरिषदेत जात नाही आणि पोलिसांकडे तर मुळीच येत नाही. आपली छोटी चूक झाकण्यासाठी तो मोठे नुकसान मुकाट सोसतो. हे मला त्या लाईनीने शिकवले आणि उशिरा शिकवले. खुणा पडल्या त्या पंधरवड्याचा बीटनिहाय अहवाल मीच सही करून वर पाठवला होता. जुन्या लाईनीपुढे लिहिले होते: तक्रार निरंक. त्यानंतर नोकरी होती तोवर ज्या बीटाचा अहवाल निरंक येई, त्या बीटात दुसऱ्या दिवशी मी स्वतः पायी जात असे.