गेडीज साहेबांचा उंबरठा

स्कॉटलंडच्या टोकाला असलेल्या आमच्या बेटावर गेडीज साहेब सरकारचे म्हणून आले आणि सरकारचेच राहिले. व्हिस्कीच्या गोदामाला दोन कुलपं असत. एकाची किल्ली भट्टीवाल्यांची, ती माझा नवरा टॉर्किल सांभाळायचा. दुसरी अबकारी खात्याची, ती साहेबांकडे. दोघं हजर असल्याशिवाय दार उघडायचं नाही. रोज सकाळी दोघं शेजारी उभे राहून किल्ल्या फिरवत आणि हवापाण्याबद्दल चार शब्द बोलत. साहेबांचा गोतावळा काय तो एवढाच.

माणूस वाईट नव्हता हो. पण त्याला घरात घेणार कोण? बेटावरच्या एकूण एक घरात गोदामातून पळवलेली बाटली होती. आमचे पुरुष तांब्याच्या नळीत व्हिस्की भरून ती पँटच्या पायात लपवून आणायचे आणि रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायचे. साहेबांना लग्नाचं बोलावणं जाई. ते येत, आणि ते परत जाईपर्यंत सगळं वऱ्हाड शहाण्यासारखं चहा पीत बसे. हे लक्षात आल्यावर ते लवकर उठायला लागले. मला वाईट वाटायचं, पण चोरीचा माल माझ्याही कपाटात होता.

मग सरकारनं ती पद्धतच मोडीत काढली. दुसरं कुलूप निघालं, साहेब निवृत्त झाले. आता हे एडिंबराला जातील असं आम्ही धरून चाललो होतो, तर त्यांनी खाडीवर लहानसं घर घेतलं. टॉर्किलला म्हणाले, आता माझ्याकडे किल्ली नाही, नव्या वर्षाला सगळे या.

नव्या वर्षात घरात पहिलं पाऊल काळ्या केसांच्या पुरुषाचं पडावं, त्याच्या हातात कोळसा आणि बाटली असावी, अशी आमची रीत. बाईचं पाऊल अपशकुनी, त्यात लाल केसांची बाई म्हणजे विचारूच नका. माझे केस गाजरासारखे लाल. टॉर्किलचे काळे, म्हणून तूच जा असं मी त्याच्या मागे लागले.

"बाटली कुठली नेऊ?" तो म्हणाला. "वासावरून ओळखेल तो."

दुकानातली ने म्हटलं, तर त्यात त्याला कमीपणा वाटत होता. शेजाऱ्यांनाही सांगून पाहिलं. जो तो म्हणे, दुसरा कुणी जाईलच की.

दोन तारखेला दुपारी मी त्यांच्या खिडकीवरून गेले. साहेब कोट-टाय घालून टेबलाशी बसले होते. समोर पेले मांडलेले, केक कापलेला, एकही तुकडा उचललेला नाही. आमच्या पुरुषांच्या नावानं बोटं मोडत घरी आले, कपाटातली बाटली आणि कोळशाचा खडा घेतला आणि जाऊन त्यांचं दार ठोठावलं.

साहेबांनी आधी माझ्या केसांकडे पाहिलं.

"अपशकुन होईल, साहेब," मी म्हटलं.

"अपशकुन करायला तरी कुणी यावं लागतं, एफीबाई. आत या."

मी ओतली. त्यांनी पेला नाकाशी नेला आणि तसेच थांबले.

"आपल्याच गोदामातली," ते म्हणाले.

मी मान खाली घातली.

"पिंपातली थोडी दरवर्षी हवेत उडून जातेच. तुम्ही नेलेलीही मी त्यातच धरायचो. उडाली म्हणून वर कळवायचो." त्यांनी एक घोट घेतला. डोळे भरून आले होते. "वाटायचं, कधीतरी कुणीतरी त्यातली घोटभर मलाही आणून देईल."