चौथा कौल

परब बाईंनी बारावीत नापास झालेल्या मला पुन्हा परीक्षेला बसवलं, म्हणून मी घरातला पहिला पदवीधर. नोकरीच्या अर्जाला शिफारस हवी होती, म्हणून मी मसुऱ्याच्या वाटेवरच्या एका देवळात आमच्या भागातल्या नेत्याला गाठलं.

साहेब पाचव्या पक्षात जाण्यासाठी देवाचा कौल घेत होते. गुरवाने पाषाणावर ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. तीनदा डावीच पडली. दर वेळी साहेब उपरण्याने कपाळ टिपत आणि शांतपणे म्हणत, "गुरवानू, परत लावा. देवाक प्रश्न नीट कळाक नाय."

चौथ्यांदा उजवी पडली.

"बघलंस रे? देवसुद्धा मत बदलता, मगे मी पक्ष बदलूक नको?"

मी शिफारशीचं विचारलं. "तुझ्यासाठीय कौल लावया," ते म्हणाले. डावी पडली.

"साहेब, परत लावूया?"

त्यांनी कानांना हात लावले. "छे रे! देवाच्या शब्दाभायर मी नाय."

घरी येऊन मी पत्र लिहिलं:

"पूज्य बाई, साहेब फार देवभक्त आहेत, त्यामुळे शिफारस मिळाली नाही. अर्ज तसाच पाठवतो आहे. त्यांना देवाने चौथी संधी दिली, मला तुम्ही दुसरी दिलीत. मला तेवढी पुरेल."