मेमच्या सासूचे बारा चमचे

लग्न होऊन मी जेऊरहून सोलापुरात आले तेव्हा मला एकच मोठी खोड होती: हसू. कुठंही यायचं, कशावरही यायचं, आणि एकदा आलं की पदर तोंडात कोंबला तरी थांबायचं नाही. माझे सासरे, म्हणजे मामंजी, पेठेत सोनारकाम करत. चांदीवर नक्षी कोरावी आणि भांड्यांवर नावं घालावीत ती त्यांनीच. पण त्यांची नजर मंदावत चालली होती. मी रांगोळी बारीक काढते हे त्यांच्या ध्यानात आलं आणि कोरण्याआधीची आखणी माझ्याकडे आली. मी आतल्या खोलीत बसून कागदावर वेलबुट्टी काढायची, सासूबाई तो कागद पुढं दुकानात नेऊन द्यायच्या.

एका सकाळी बोळाच्या तोंडाशी टांगा थांबला आणि त्यातून एक गोरी मेम उतरली. तिचा नवरा गिरणीत यंत्रांवरचा साहेब, मूळचा स्कॉटलंडचा. आमचा बोळ अरुंद, त्यात दोन्ही बाजूंनी ओली लुगडी वाळत घातलेली. तिची टोपी एका लुगड्यात अडकली ती काही सुटेना. शेवटी टोपी हातात, खांद्यावर कुणाच्या तरी लुगड्याचं टोक, अशी ती दुकानात शिरली. दाराआड मी पदर तोंडात कोंबला.

तिनं हातरुमालातून एक चांदीचा चमचा काढून मामंजींपुढं ठेवला.

"ये हमारा सास का सास का चमचा," ती म्हणाली. "बारा था. अब ग्यारा है."

बारावा हिप्परग्याच्या तळ्यात गेला होता. सगळे फराळाला तळ्याकाठी गेले, हिनं काठावर बसून चमचा धुवायला घेतला आणि तो हातातून निसटला. मग तिनं आवाज खाली आणला. "सास आता है. जहाज में. दस दिन."

सासूबाईंना हिंदुस्थानी येत नव्हतं, पण 'सास' बरोबर कळलं. त्या लगबगीनं पुढं आल्या. "सासू येतीया व्हय हिची? अगं बाई! अवो, द्या की करून तिला."

"एक चमचा गेला म्हणून ती काय हिला खाणार हाय का?" मामंजी म्हणाले.

"तुमाला काय कळतंय सासूचं!" सासूबाई म्हणाल्या, आणि मला आत भिंतीला धरून बसावं लागलं.

चमच्याच्या दांड्याच्या टोकाला नखाएवढं चित्र कोरलेलं होतं. खाली पीळ दिलेल्या दोरीसारखी एक पट्टी आणि तिच्यावर एका जनावराचं मुंडकं. ही त्यांच्या घराण्याची खूण, मेम म्हणाली. पण तीन-चार पिढ्यांनी घासून घासून खूण पार पुसट झाली होती.

"घोडा," मामंजी म्हणाले.

"शेळी हाय की ही," सासूबाई म्हणाल्या.

"नहीं, नहीं! हिरन!" मेम म्हणाली. मग तिनंच चमचा उजेडात धरला, डोळे बारीक केले आणि हळूच पुटपुटली, "शायद."

चमच्याच्या पाठीवर आणखी बारीक ठसे होते: एक किल्ला, एक काटेरी फूल. तिकडच्या लोकांनी चांदी पारखून दिलेली ती साक्ष. मामंजींनी त्यावर बोट ठेवून मान हलवली. "समोरचं चित्र काढीन. ही साक्ष मातर मी उठवणार न्हाय. ती त्यांची हाय, माजी न्हवं." मेमनं ते मान्य केलं. पाठ कोण बघतंय, असं तिला वाटलं असावं.

मी चित्राच्या रेघांत काजळ भरलं, वरचं पुसून घेतलं आणि ओलसर पातळ कागद दाबून ठसा काढला. इतका सुबक आला की मी स्वतःवरच खूश झाले. पुसट शिंगांना जरा उठाव दिला, मानेवर चार केस काढले. मामंजींनी चांदी आटवून, ठोकून, कानशीनं घासून चमचा घडवला आणि माझा कागद त्यावर चिकटवून कोरायला घेतलं.

दहाव्या दिवशी मेम आली. दोन्ही चमचे शेजारी शेजारी मांडले. बघायला मीही दाराआडून पुढं आले.

"अगं बया," सासूबाई म्हणाल्या, "ही दोगं एकमेकांकडं बघत्यात की!"

ठसा कागदावर उलटा उमटतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! जुनं हरीण उजवीकडं बघत होतं, आमचं डावीकडं. मामंजींचा चेहरा पडला. आता मोडून पुन्हा घडवायला वेळ नव्हता. संध्याकाळच्या गाडीनं ती सासू उतरणार होती. मी भीतीनं गार पडले, आणि नेमकं तेव्हाच मला हसू फुटलं. दाराआडून नव्हे, पदराआडूनही नव्हे, मामंजींच्या देखत खदाखदा. मेमनं माझ्याकडं पाहिलं, मग त्या दोन हरणांकडं पाहिलं, आणि तीही सुरू झाली. हसता हसता तिची टोपी पडली.

"खाने के वक्त ये हम अपने सामने रखेगा," डोळे पुसत ती म्हणाली आणि चमचा घेऊन गेली.

आठ दिवसांनी टांगा पुन्हा आला. या वेळी दोघी होत्या. म्हातारी उंच, काटकुळी, हातात काठी. दोघींनी टोप्या आधीच काढून हातात घेतल्या होत्या. मी दाराआड सरकले.

म्हातारीनं बाराही चमचे गादीवर ओळीनं पालथे मांडले. आमच्या चमच्यावर काठी टेकवली. त्याच्या पाठीवर किल्ला नाही. मामंजींनी मान खाली घातली. मग तिची काठी सरकत सरकत दुसऱ्या टोकाच्या एका चमच्यावर गेली. त्यालाही किल्ला नाही! म्हातारीनं आपल्या छातीवर बोट ठेवलं आणि काहीतरी म्हणाली.

मेमला हसू आवरेना. "सास बोलता है, ये उसका," ती कशीबशी म्हणाली. "शादी का पहला साल. उसने गुमाया. गाँव के सुनार से बनवाया. अपना सास को कभी नहीं बोला. किसी को नहीं बोला. आज बोला."

मामंजींनी ते मराठीत सांगितलं तेव्हा सासूबाई जमिनीवरच बसल्या. इतक्या हसल्या की अंबाडा सुटला. म्हातारीच्या तोंडून आवाज निघत नव्हता, पण खांदे गदगदा हलत होते. मामंजींनी तो चमचा उचलला आणि डोळ्यांजवळ नेऊन नीट पाहिला.

"हात चांगला हुता गड्याचा," ते म्हणाले. "पर त्यानंबी शेळीच काढलीया."

चित्र कुणी काढलं, असं म्हातारीनं विचारलं. सासूबाईंनी मला दंडाला धरून पुढं आणलं. म्हातारीनं माझा हात हातात घेतला, बोटं उलटीपालटी करून पाहिली, नखांतलं काजळ पाहिलं आणि मान डोलावली.

त्यानंतर मामंजींनी मला आत बसू दिलं नाही. दुकानात आपल्या शेजारी पाट टाकला आणि छिन्नी हातात दिली. पहिलं भांडं सासूबाईंनीच आणलं, नवा पितळी तांब्या.

"नाव माजं घाल," त्या म्हणाल्या. "ह्यांचं नगं."

मामंजींनी ऐकलं, पण मान वर केली नाही. मी नाव घातलं. अक्षरं जरा मोठीच आली. सासूबाईंना वाचता येत नव्हतं, पण आल्यागेल्याला पाणी देताना नावाची बाजू त्याच्याकडं वळवूनच त्या तांब्या पुढं करायच्या.