चित्रातली विहीर

आज सकाळी पेपरातून बिल्डरचं गुळगुळीत पत्रक मांडीवर पडलं. त्याच्या शाईच्या वासाने मला शीळफाट्याजवळच्या आमच्या जुन्या घराच्या ओटीवर नेलं.

जमीन बिल्डरला द्यायची की नाही, ते तेव्हा त्या ओटीवर ठरणार होतं. बिल्डरच्या कागदावर वर उंच इमारतींचं रंगीत चित्र होतं, खाली अटी. घरातला पहिला पदवीधर म्हणून वाचायचा मान माझा. मी वकिलाच्या थाटात वाचलं, "जागेवरील घर, झाडे व विहीर काढून टाकण्यात येतील." पण सगळे चित्रावर वाकलेले. गच्चीतल्या माणसाकडे बघून बाबा म्हणाले, "ह्यो तर आपला शेजारचा बाळ्या दिसतोय!"

आईने विचारलं, "अरे, यात आपली विहीर कुठं हाय?"

नुकतंच वाचलेलं माझ्याही डोक्यात शिरलं नव्हतं. मी चित्रातल्या निळ्या चौकोनावर बोट ठेवलं. "ही काय! नीट बांधून काढलीय फक्त."

तो पोहायचा तलाव होता. आता हे आठवलं की हसू येत नाही, रडूही नाही.

आईचा चेहरा मात्र तेव्हा उजळला. बाबांना म्हणाली, "मग पाण्याची चिंता नाय. करा सही."