हापूस गुणिले रायवळ

वर्गात पाऊल टाकताच गेमसर विचारायचे, "काल किती मेली?" पोरं जोरजोरात आकडे सांगायची. "सर, माजी सहा!" "माजी सगळीच!" एकदा नव्या शिपायाने हे दाराबाहेरून ऐकलं आणि धावत स्टाफरूममध्ये येऊन मला विचारलं, "बाई, शाळेत साथ इली काय?" मेलेली सगळी आंब्याची झाडं होती, तीही संगणकातली.

ही दोन हजार पाचच्या सुमाराची, देवगडजवळच्या आमच्या हायस्कूलमधली गोष्ट. मी गणित शिकवायचे, सर विज्ञान. दहावीला आनुवंशिकता शिकवताना पुस्तकातल्या वाटाण्यांवर पोरांचं मन बसेना. "वाटाण्याची उसळ करतत, सर. त्येंचो बापूस कोण, ता कोण इचारता?" असं एकाने विचारलं. सरांनी मे महिन्याच्या सुट्टीत कुडाळला संगणकाचा क्लास लावला आणि दिवाळीपर्यंत स्वतःच एक गेम तयार केला; तेव्हापासून ते गेमसर.

त्यातली झाडं उघड्या छत्रीसारखी दिसायची आणि आंबे शर्टाच्या गुंड्यांसारखे. दोन झाडं निवडायची, त्यांचा संकर करायचा, बाठे, म्हणजे कोयी, रुजवायचे. प्रत्येक गुणासाठी झाडाच्या पोटात दोन चिठ्ठ्या. रोपाला आईबापाकडून एकेक मिळायची. कुठली, ते नशिबावर. गोड फळ आणि वादळात टिकणारं खोड एकाच झाडात आणायचं. नाही जमलं तर वारा सुटायचा आणि बाग आडवी.

पहिल्या दिवशी आमच्या पोरांनी जी चूक केली, ती दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात झाली नसती. सगळी पडद्यावर कलम शोधत बसली. "सर, कलम बांधूचा बटन खंय आसा?" बागायतदारांचीच पोरं ती. कलम बांधलं की हापूसाचा हापूसच होतो. बाठा लावून नशीब कोण बघत बसणार? सर म्हणाले, "कलमाक बापूस लागना नाय रे. हय बापूस आसा, म्हणान घोळ आसा."

खेळ चालू असताना सर मागच्या स्टुलावर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचे. हात मोकळे राहिले तर माऊस हिसकावून घेईन, अशी त्यांना स्वतःचीच भीती. कोणी चुकतंय असं दिसलं तरी म्हणायचे, "मरांदेत. बाग मेल्याशिवाय शेतकऱ्याक अक्कल येना नाय."

मला हे पसंत नव्हतं. बीजगणिताच्या तासाला पोरांचं अर्धं लक्ष पलीकडच्या आरड्याओरड्याकडे असायचं. संस्थेच्या अध्यक्षांकडे, म्हणजे आबांकडे, सही न करता लेखी तक्रार मीच केली. आबा मोठे बागायतदार आणि संगणकांची खोली त्यांच्याच देणगीतली. दुसऱ्या दिवशी ते कुलूप घेऊनच आले; शेजारच्या वर्गातून मीही मागोमाग गेले. आत शिरताच पडद्यावर दिसलं, हापूस × रायवळ. रायवळ म्हणजे बाठ्यातून कुठेही उगवलेला, बिननावाचा आंबा.

"माज्या हापूसाचा लगीन रायवळाशी? कोणी जमवल्यान?"

"पोरांनी," सर शांतपणे म्हणाले. "तुम्ही हापूसाला हापूसच द्या, आबा. आठ बाठे लावा. आठही रोपं गोड निघाली, तर कुलूप मी माझ्या हाताने लावतो."

दहात एकदा हा डाव सरांवर उलटला असता. मी तिथल्या तिथे मनात हिशेब केला होता.

आबा बसले. त्यांनी माऊस उचलून डोळ्यांसमोर धरला. "आबा, खाली ठेवा, तो फिरवूचो आसता," एक मुलगी म्हणाली. आठ बाठे रुजले. पाच गोड निघाले, तीन आंबट.

"गेम लबाड आसा!" आबा माझ्याकडे वळले. "बाई, गणित तुमचा. ह्यो माका फसयता काय नाय, सांगा."

अख्खा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी 'हो' म्हटलं असतं तर खोली त्याच क्षणी बंद झाली असती आणि माझा तास शांत झाला असता. पण गणित माझं होतं. मी फळ्यावर चार चौकोन काढले. दोन्ही हापूसांत गोड चिठ्ठीखाली एकेक आंबट चिठ्ठी लपलेली असेल, तर चारांत सरासरी एक रोप आंबट. आठांत दोन, कधी तीनही. "गेम बरोबर आहे, आबा," मी म्हटलं.

आबा बोटाने चौकोन मोजत म्हणाले, "बाठ्याचो हापूस हापूस होना नाय, ह्या माका बापाशीन सांगल्यान. कित्याक होना नाय, ता त्येकाय म्हायत नव्हता." मग खुर्ची न सोडता म्हणाले, "परत लावा."

कुलूप लागलं नाही. उलट दर शनिवारी आबाच येऊन बसू लागले आणि पोरांना रांग लावावी लागली. फळ्यावर चौकोन काढून द्यायला मीही जाऊ लागले.

चार वर्षांनी सर निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी मी त्यांना सांगून टाकलं की ती तक्रार माझी होती.

"माहीत आहे. आबांनी कागद त्याच दिवशी दाखवला. अक्षर तुमचं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर त्यानंतर तुम्ही माझ्या वर्गात पाऊल टाकलं असतंत?" असं म्हणून त्यांनी गेमची सीडी माझ्या हातात ठेवली.

दहावीचा आनुवंशिकतेचा तो धडा तेव्हापासून मी घेते.